इस्तंबूलचा बाजार आणि भऱ्याची वही

मुळशी तालुक्यातील भरे गावात एका जैन कुटुंबाचे किराणा व सुक्या मेव्याचे दुकान आहे. पिरंगुट परिसरात कारखाने वाढत गेले, तशी गिऱ्हाइकी वाढली आणि एका खोलीतील दुकान तीन गाळ्यांचे झाले. दुकानाचे मालक आता सत्तरीला टेकले असून गावात सारे त्यांना शेठ म्हणूनच ओळखतात. व्यवहार धाकटा मुलगा पाहतो. तथापि रात्री दुकान बंद करण्यापूर्वी रोजमेळ शेठ स्वतः तपासतात, संगणकावर तो आधीच जुळलेला असला तरीही.

जून २०२४ मध्ये हे कुटुंब इंग्लंडमधील लेस्टर येथे दिलेल्या मुलीकडे गेले होते. परतीच्या वाटेवर पाच दिवस इस्तंबूलला मुक्काम करावा, असा बेत मुलाने मांडला. त्यामागे हौसेपेक्षा व्यापार अधिक होता. दुकानात दिवाळीच्या सुमारास विकले जाणारे जर्दाळू आणि हेझलनट बहुतांशी तुर्कस्तानातून येतात. भऱ्यापर्यंत येईतो त्यावर तीन-चार हातांची दलाली चढते. मूळ बाजारात भाव काय आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहावे, असे त्याच्या मनात बरेच दिवस होते. ब्रिटनचा व्हिसा हाती असल्यामुळे तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळण्याची सोय होती. शेठ लगेच तयार झाले. प्रश्न त्यांच्या पत्नीचा होता. त्यांनी गेली ३२ वर्षे चौविहार मोडलेला नाही. “व्रत सांभाळले जाणार असेल तरच येईन, नाहीतर मी लेस्टरहून थेट मुंबईला जाते,” असे त्यांनी सांगितले, आणि हे सांगणे लटके नव्हते.

येथे भूगोल मदतीला आला. इस्तंबूल ४१ अक्षांशावर, म्हणजे आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला आहे. शिवाय २०१६ पासून तुर्कस्तानने उन्हाळी वेळच बाराही महिने कायम ठेवली आहे, त्यामुळे तेथील घड्याळ सूर्याच्या पुढे धावते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तेथे सूर्योदय साडेपाचच्या सुमारास आणि सूर्यास्त रात्री साडेआठच्या सुमारास होतो. पुणे परिसरात त्या दिवसांत सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणजे दिवसभर फिरून आठ वाजता जेवले तरी चौविहाराला बाध नाही, आणि नवकारसी साडेसहाच्या आत येते. हाच प्रवास डिसेंबरात केला, तर सूर्य सायंकाळी पावणेसहाच्या आत मावळतो आणि सकाळी आठ वाजून गेल्यावर उगवतो. तेव्हा व्रतधारी मंडळींची मोठी ओढाताण व्हावी. सहल कंपन्यांच्या पत्रकात ही माहिती सहसा नसते. आपल्या वाचकांनी परदेशाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या गावचे सूर्यास्ताचे कोष्टक अवश्य पाहावे.

दुसरे कोष्टक सणांचे. त्या वर्षी बकरी ईद १६ जूनला होती. तुर्कस्तानात त्या वेळी अनेक दिवस सुट्टी असते, मोठे बाजार बंद राहतात आणि कुर्बानीचे दृश्य आपल्या मंडळींना सोसवणारे नसते. चातुर्मासही जुलैत बसणार होता. म्हणून १ ते ५ जून हे दिवस ठरले. एवढा विचार करूनही एक चूक राहिलीच. २ जून हा रविवार होता आणि जगप्रसिद्ध छत्रबाजार, म्हणजे ‘कापाली चार्शी’, रविवारी बंद असतो. त्यामुळे पहिला पूर्ण दिवस प्रेक्षणीय स्थळांना गेला.

इस्तंबूल हे पाण्याने घडवलेले शहर आहे. उत्तरेला काळा समुद्र, दक्षिणेला मार्मारा, आणि त्या दोहोंना जोडणारी सुमारे ३० किलोमीटर लांबीची बॉस्फरसची सामुद्रधुनी. तिच्या एका काठावर युरोप, दुसऱ्यावर आशिया. सर्वांत अरुंद जागी ही रुंदी ७०० मीटरच्या आसपास आहे. शहराच्या जुन्या भागात ‘सोनेरी शिंग’ नावाची एक खाडी आत शिरते आणि तिनेच या बंदराला सुरक्षित आसरा दिला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३० मध्ये येथे राजधानी केली, १४५३ मध्ये सुलतान दुसऱ्या मेहमदाने ती जिंकली, आणि १९२३ मध्ये राजधानी अंकाराला हलवली गेली. राजधानी गेली, व्यापार राहिला. बंदराच्या गावांचे बहुधा असेच होते. आपल्या चौल-रेवदंड्याला मात्र ते भाग्य लाभले नाही.

मुळशीच्या माणसाला पाणी म्हणजे धरणाचे पाणी. ते डोंगरांमध्ये निश्चल पडलेले असते आणि त्याच्याखाली गावे आहेत, हे लहानपणापासून ठाऊक असते. बॉस्फरसचे पाणी मात्र क्षणभर स्वस्थ नसते. त्यातून तेलवाहू जहाजे, मासेमारांच्या होड्या आणि कामावर निघालेल्या माणसांनी भरलेल्या फेरीबोटी एकाच वेळी चाललेल्या असतात. एमिनोन्यूच्या धक्क्यावरून उस्कुदारला जाणारी बोट वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात पोचवते. नुसती ही फेरीबोट घेतली तरी शहर समजते. त्यासाठी महागड्या पर्यटक नौकेची गरज नाही. पाच दिवसांत शेठजींनी ही फेरी सात वेळा केली. प्रत्येक वेळी ते डेकवर उभे राहून जहाजांवरील खोके मोजत होते.

आयासोफ्याबद्दल लिहिणाऱ्यांची उणीव नाही, म्हणून येथे थोडक्यात. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३७ मध्ये पूर्ण केलेले हे चर्च १४५३ नंतर मशीद झाले, १९३५ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले आणि जुलै २०२० पासून पुन्हा मशीद आहे. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्जात २५ युरो देऊन प्रवेश मिळतो. चार माणसांचे १०० युरो हा आकडा ऐकून शेठ बाहेरच बसले. आत गेलेल्या तिघांनी घुमट पाहून पैसे वसूल झाल्याचे सांगितले. जवळच जमिनीखाली ३३६ खांबांचे जुने जलाशय आहे. तेथे उन्हाळ्यातही गारवा असतो. सुलतानअहमदची सहा मिनारांची मशीद बाहेरून पाहिली गेली.

अधिक वेळ गेला तो सुलेमानिये मशिदीच्या आवारात. वास्तुविशारद सिनानने १५५७ मध्ये ही पूर्ण केली. मशिदीभोवती विद्यालये, रुग्णालय, अन्नछत्र, हमाम आणि दुकानांची रांग आहे. दुकानांच्या भाड्यावर सारी व्यवस्था चालावी, अशी मूळ योजना होती. या दानपत्राला तुर्की भाषेत ‘वाकिफ’ म्हणतात. मालमत्ता विकायची नाही, तिचे उत्पन्न मात्र ठरलेल्या कामालाच लावायचे. आपल्याकडे मंदिराच्या किंवा स्थानकाच्या ट्रस्टची दुकाने भाड्याने असतात आणि त्यातून पाठशाळा, भोजनशाळा चालते, त्याच जातीची ही रचना आहे. ट्रस्टच्या भाडेवाढीवरून ज्यांनी सभांमध्ये तासन्‌तास घालवले आहेत, त्यांना हे आवार परके वाटणार नाही.

छत्रबाजाराचा उगमही असाच. १४५३ च्या विजयानंतर थोड्याच वर्षांत मेहमदाने येथे दगडी कोठारवजा बाजार बांधला. त्याचे उत्पन्न आयासोफ्याच्या खर्चासाठी होते. त्याभोवती गल्ल्या वाढत गेल्या. आज ६० हून अधिक गल्ल्या आणि सुमारे ४,००० दुकाने एका छपराखाली आहेत. गल्ल्यांची नावे धंद्यांवरून पडली आहेत: फेजवाले, टोपीवाले, रुमालवाले. टोपीवाल्यांच्या गल्लीत आज टोपी एकही नाही, दोन्ही बाजूंना सराफ आहेत. पुण्यात ज्या पेठेत ज्या वाराचा बाजार भरे तो आता भरत नाही, पण नाव टिकले आहे, तसेच. जुन्या काळी येथे काचेची दुकाने नव्हती. व्यापारी लाकडी बैठकीवर मांडी घालून बसत आणि माल मागच्या कपाटात असे. गादी-तक्क्याच्या पेढीत वाढलेल्या शेठजींना हे चित्र एका जुन्या छायाचित्रात दिसले आणि ते त्यापुढे बराच वेळ उभे होते.

खरेदीविषयी व्यवहाराच्या दोन गोष्टी. दुकानदार चहा पाजतो. नक्षीदार लहान पेल्यातला, दुधाशिवायचा. तो घेतल्याने खरेदीचे बंधन पडत नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे संकोच उरत नाही. भावात घासाघीस चालते. पण सोन्याच्या बाबतीत ती घडणावळीपुरतीच, कारण सोन्याचा दर भिंतीवर झळकत असतो. आणि घासाघीस करून भाव मान्य झाल्यावर पाठ फिरवणे तेथेही असभ्य समजतात. निळ्या काचेचे ‘दृष्टमणी’ पावलोपावली विकायला असतात. ते सून चार घेऊन आली. लिंबू-मिरचीपेक्षा ते टिकतात, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

गालिच्याच्या दुकानात वेगळाच प्रसंग घडला. दुकानदाराने हेरेके येथील रेशमी गालिचा उलगडून त्याच्या गाठी दाखवल्या. बाईंनी हात मागे घेतला. रेशीम कीटकांना मारून होते, म्हणून त्या ते वापरत नाहीत; चामडे तर नाहीच. शिवाय त्यांचे परिग्रह-परिमाणाचे व्रत आहे. वस्त्रांची संख्या ठरलेली, नवे घ्यायचे तर जुने द्यायचे. मुलाने हे इंग्रजीतून समजावण्याचा प्रयत्न केला. दुकानदाराला पहिला भाग समजला. दुसरा समजल्यावर तो हसला आणि अशी गिऱ्हाइके वाढली तर बाजाराला कुलूप लागेल, असे म्हणाला. त्याचे म्हणणे हिशेबाने बरोबरच होते. बाईंनी शेवटी डेनिझलीच्या सुती कापडाचे दोन ‘पेश्तेमाल’ घेतले. ते आपल्या पंच्यासारखे असतात, फक्त काठाला गोंडे. घरी आल्यावर दोन जुने टॉवेल कामवाल्या बाईंकडे गेले.

खाण्याचा प्रश्न मात्र सूर्यास्ताइतक्या सहज सुटला नाही. तुर्कस्तानात भाज्या, डाळी, फळे मुबलक आहेत, पण कांदा-लसूण जवळपास सर्वत्र आहे. मसुरीचे सूप शाकाहारी म्हणून पुढे येते. त्यात कांदा असतोच, बहुतेकदा मांसाचे पाणीही असते. भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. ‘एत्सिझ’, म्हणजे मांसविरहित, या शब्दावर विसंबू नये. तेथे कोंबडी कित्येकांच्या लेखी मांसात मोडत नाही. पाकिटावर वाचण्याजोगे शब्द असे: सोआन म्हणजे कांदा, सारिमसाक म्हणजे लसूण, युमुर्ता म्हणजे अंडे, जेलातिन म्हणजे जिलेटिन, बाल म्हणजे मध. पारंपरिक लोकुम, जिला जगभर टर्किश डिलाइट म्हणतात, ती साखर व स्टार्चपासून होते. पण स्वस्त मिठायांत जिलेटिन असते. बकलावा साखरेच्या पाकात असतो, मात्र पिठात अंडे आहे का, हे विचारावे. कुटुंबाने सिर्केजी भागात स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतली होती. लेस्टरहून आणलेले खाखरे, थेपले, मुगाची डाळ आणि रोजचे उकळलेले पाणी यांवर भागले. बाजारातील तिळाची गोल पोळी ‘सिमित’ आणि जूनमधल्या टपोऱ्या चेरी यांनी उरलेली कसर भरून काढली.

अंजिराची गोष्ट निराळी. आयदिन प्रांताचे सुके अंजीर सोन्यासारखे चमकतात आणि एमिनोन्यूच्या मिसर चार्शीत त्यांच्या राशी लागलेल्या असतात. आपल्या शास्त्रात अंजीर अभक्ष्यांत धरले आहे. नव्या पिढीला त्याचे कारण जुनाट वाटते. पण आयदिनचा हा वाण ज्या जातीचा आहे, तिचे फळ धरण्यासाठी एक बारीक गांधीलमाशी फळात शिरावी लागते, आणि ती बहुधा आतच मरते. तेथील बागाइतदार मुद्दाम रानअंजिराची फळे झाडांना टांगून ही माशी आणतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत हे सविस्तर दिलेले आहे. सुनेने हे मोबाइलवर वाचून दाखवले, तेव्हा सासूबाईंनी एवढेच विचारले की, मग आपण दुकानात अंजीर का विकतो? याचे उत्तर त्या दिवशी कोणी दिले नाही.

मिसर चार्शी, म्हणजे मसाल्याचा बाजार, १६६० च्या दशकात शेजारच्या मशिदीच्या खर्चासाठी उभा राहिला. मिसर म्हणजे इजिप्त. हिंदुस्थानची मिरी, दालचिनी, हळद शतकानुशतके इजिप्तमार्गे येथे येई. या बाजारात फिरताना मराठी माणसाचे कान टवकारतात. दुकानाला ‘द्युक्कान’, हिशेबाला ‘हेसाप’, दप्तराला ‘देफ्तेर’, तारखेला ‘तारिह’, मोहोरेला ‘म्यूह्यूर’, बदामाला ‘बादेम’, अंजिराला ‘इंजिर’ आणि रानजर्दाळूला ‘झेर्दाली’ म्हणतात. फारसी-अरबीतून हे शब्द दोन्हीकडे पोचले. नारळाला तर ‘हिंदिस्तान जेविझी’, हिंदुस्थानी अक्रोड, असे नाव आहे. शेठजींना तुर्की येत नव्हती आणि दुकानदाराला हिंदी. तरी दुकान, हिशेब, दोस्त एवढ्या शब्दांवर अर्धा तास बोलणे झाले. उरलेले गणकयंत्राने केले.

हा दुकानदार मिसर चार्शीच्या मागील हासिर्जिलार गल्लीतला. तो मूळचा मालात्याचा, जिथे जगातील सुक्या जर्दाळूचा मोठा भाग पिकतो. त्याने दोन पोती उघडून दाखवली. एका पोत्यातील फळ भगवे, लुसलुशीत. ते गंधकाच्या धुरीने रंग टिकवलेले. दुसऱ्यातील तपकिरी, नुसते उन्हात वाळवलेले. चवीला दुसरे सरस, पण आपल्या बाजारात गिऱ्हाईक पहिलेच मागते. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात मालात्याची मोठी हानी झाली होती. त्याच्या घराच्या भिंतीही गेल्या. त्या वेळी भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ या नावाने बचावपथके आणि लष्कराचे रुग्णालय पाठवले होते, हे त्याने आपणहून सांगितले. मुलाने पुण्याच्या एका आयातदार स्नेह्याच्या भागीत माल घेण्याचे ठरवले: ७० टक्के आगाऊ, उरलेले माल हाती आल्यावर ६० दिवसांत.

त्याच दिवशी, ३ जूनला, तुर्कस्तानच्या महागाईचा आकडा जाहीर झाला: मे महिन्यात वार्षिक ७५.४५ टक्के. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर तेव्हा ५० टक्के होता. त्याच्या दहा वर्षे आधी एक लिरा घ्यायला सुमारे २८ रुपये पडत. त्या दिवसांत अडीच रुपयांच्या थोडे वर पडत होते. बाजारात अनेक दुकानदार भाव युरोत सांगतात, याचे कारण हेच. सराफांच्या गल्लीत परदेशी पर्यटकांपेक्षा स्थानिक बायकाच दाटीने उभ्या होत्या. लग्नात आहेर म्हणून देण्याची पावणेदोन ग्रॅमची सोन्याची नाणी त्या घेत होत्या. चलनावरचा विश्वास उडाला की माणूस सोन्याकडे जातो, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची जरूर नाही. आपल्या आजीबाईंना ते ठाऊक होते.

शहराचा सावकारी इतिहास खाडीपलीकडे गलाता येथे आहे. ‘बँकांची गल्ली’ या नावाच्या रस्त्यावर ऑटोमन बँकेची १८९२ मधील भव्य इमारत उभी आहे. आता तेथे ग्रंथालय व संग्रहालय असून तळघरातील तिजोरीची खोली पाहता येते. पर्यटक येथे कमी येतात, याचे नवल वाटावे. एमिनोन्यूला ‘इश बँकासी’चे संग्रहालय आहे आणि त्याच्या कथेत आपला मुलूख येतो. खिलाफत चळवळीच्या काळात हिंदुस्थानातून मोठा निधी जमवून तुर्कस्तानला पाठवला गेला. चळवळीच्या मध्यवर्ती समितीचे ठाणे मुंबईत होते. त्या निधीतून उरलेल्या पैशांतील भाग मुस्तफा कमाल यांनी २६ ऑगस्ट १९२४ रोजी स्थापन झालेल्या या बँकेच्या भांडवलात घातला. अधिकृत भांडवल १० लाख लिरा होते, पैकी अडीच लाख त्यांनी भरले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये त्या समभागांचा लाभांश आजही तुर्की भाषा व इतिहास यांच्या संस्थांना मिळतो. ज्या काळात हा पैसा मुंबईत जमत होता, त्याच काळात, १९२१ पासून, मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह करीत होते. त्यांची जमीन गेली. दूरच्या देशात बँक उभी राहिली.

चौथ्या दिवशी उस्कुदारला जे दिसले, ते बाईंनी सर्वांत अधिक लक्षात ठेवले आहे. येनी वालिदे आणि आयाझ्मा या अठराव्या शतकातील मशिदींच्या भिंतींवर, उंचावर, दगडात कोरलेली लहान लहान घरे आहेत. त्यांना खिडक्या, घुमट, सज्जेही आहेत. ती पक्ष्यांसाठी आहेत. चिमण्यांनी आणि पारव्यांनी ऊन-पाऊस-वाऱ्यापासून तेथे राहावे, एवढ्यासाठी गवंड्यांनी हे कष्ट घेतले. गुजरातेत गावोगावी चबुतरा असतो, मुंबईत भुलेश्वरला १८३४ पासून पांजरपोळ आहे; त्यांचे हे दूरचे आप्त म्हणावेत. रस्त्यांवर मांजरे निर्धास्त झोपलेली असतात, दुकानदार त्यांच्यासाठी पाण्याच्या वाट्या ठेवतात. याच शहराने १९१० मध्ये हजारो कुत्री पकडून मार्मारातील एका ओसाड बेटावर नेऊन सोडली आणि ती तेथे उपासमारीने मेली, हेही खरे आहे. बाईंना दुसरी गोष्ट सांगू नये, असे मुलाने ठरवले होते, शेठजींनी सांगितलीच. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक वेळ सामायिक केले.

पहिला माल दिवाळीपूर्वी आला आणि चांगला खपला. दुसरी मागणी वर्षाच्या सुरुवातीस गेली. तो माल एप्रिल २०२५ मध्ये न्हावाशेवा बंदरात उतरला. त्याच महिन्यात तुर्कस्तानात अचानक थंडीची लाट आली आणि मालात्यातील जर्दाळूचा बहर मोठ्या प्रमाणावर जळाला. दुकानदाराने करपलेल्या फांद्यांची छायाचित्रे पाठवली.

मग मे महिना उजाडला. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर झाले, तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू उघडपणे घेतली, आणि देशभर संतापाची लाट उठली. पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचे सफरचंद घेणे बंद केले. सहल कंपन्यांनी तेथील सहली थांबवल्या. भूकंपात धावून गेलो त्याची ही फेड, ही भावना सर्वत्र होती आणि ती अनाठायी नव्हती. व्यापाऱ्याने देशाबरोबर उभे राहायचे की भावाबरोबर, हा प्रश्न त्या आठवड्यात तरी कोणाला पडला नाही. भऱ्याच्या दुकानानेही पुढील हंगामाची मागणी रद्द केली आणि तसे फलकावर लिहिले.

राहिले ते ३० टक्के. मुदत मेअखेरीची होती. व्यापारी मंडळींच्या मोबाइल गटावर सूर असा होता की, आता एक पैसाही तिकडे जाऊ नये. न्यायालयात कोण येणार आहे? आयातदार स्नेह्याचेही तेच मत पडले. घरात दोन रात्री वाद झाला. मुलगा म्हणाला, गावात कळले तर लोक काय म्हणतील. शेठजींचे म्हणणे थोडक्यात असे होते की, माल सीमेअलीकडे आला तो दिवस एप्रिलचा. तो आपण विकतो आहोत, त्यावर नफा घेतो आहोत. पुढचे घ्यायचे नाही ते घेऊ नये. घेतलेल्याचे देणे वहीत नावे पडले आहे, ते कोणत्या खात्यावर फिरवायचे, हे मला कोणी दाखवावे. स्नेह्याने आपल्या वाट्याचे पैसे भरण्यास नकार दिला. शेठजींनी दोन्ही वाटे आपल्या चालू खात्यातून भरले, आणि स्नेह्याच्या नावे ती रक्कम उचल म्हणून लिहिली. ती अद्याप उभी आहे. दोघांचे बोलणे पूर्वीसारखे राहिलेले नाही.

बँकेची पोच तुर्कस्तानला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा दोन शब्दांचा संदेश आला: हेसाप तमाम. मुलाला भाषांतर करावे लागले नाही.

दुकानात सध्या लडाखचे जर्दाळू आहेत. ते आकाराने लहान आणि रंगाने काळपट असतात, म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करते. अंजिराची बरणी मात्र गेल्या पर्युषणापासून फळीवर दिसत नाही.